टपालाने पाठवलेला पश्चात्ताप

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
९ जुलै १९८९

चि. सौ. शीला हिस,
राधाताईचे अनेक आशीर्वाद आणि एक खणखणीत जयभीम. वि. वि.

तुमच्या मिसूरीचं नाव या आठवड्यात इतक्या वेळा टीव्हीवर आलं की मला वाटलं, माझ्या भावाने शेवटी एखादा शोध लावला. नंतर कळलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तुमच्या राज्याचा कायदा कोर्टाने उचलून धरला म्हणे. सरकारी इस्पितळात गर्भपात करायचा नाही, सरकारी पगार घेणाऱ्या डॉक्टरने त्याला हातही लावायचा नाही. बाईच्या जिवावर बेतलं तरच. आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत यावर दोन दिवस वाद चालला होता. आम्ही नऊ बायका आणि एक पुरुष. सगळ्यात जास्त तो पुरुष बोलला.

मला काळजी तुझी. नागपूरला स्त्रीरोगातली डी.जी.ओ. झालीस, भंडारा जिल्ह्यात पाच वर्षं आरोग्य केंद्र चालवलंस, नवऱ्यामागे इथे आलीस, इथली परीक्षाही पास झालीस, आणि आता चार वर्षांची रेसिडेन्सी म्हणून सगळं पुन्हा पहिलीपासून शिकणार. ते ठीक आहे. सासरी आल्यावर वरणसुद्धा पुन्हा शिकावं लागतं. पण देवानंदच्या विद्यापीठाला लागून आहे म्हणून त्या सरकारी इस्पितळात जाणार, आणि तिथे तुझ्या विषयातलं हे प्रकरणच कुलूपबंद, हे मला पटत नाही.

माझी मैत्रीण सुलेखा जर्सी सिटीच्या एका जुन्या इस्पितळात स्त्रीरोग विभागात आहे. त्यांचा एक रेसिडेंट मधूनच सोडून चाललाय, डिसेंबरपासून जागा मोकळी आहे. इमारत अशी की भिंतीला टेकलं तर पाठीला रंग लागतो, पण काम सगळं शिकवतात. अर्ज पाठव. देवानंदला सांगायचं की नाही, हे तू बघ. मी त्याची बहीण आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरायचं.

लेकीला, उत्तराला, पापा. तिने मागच्या पत्रात इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात तीन वेळा 'बोअर' होतं. आठ वर्षांच्या मानाने निरीक्षण चांगलं आहे.

तुमच्याकडच्या उकाड्यात लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नणंद (पण आपल्या बाजूची),
राधा

---

मिसूरी
२३ जुलै १९८९

ती. राधाताईंना,
शीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि संध्याकाळी देवानंदही तिथेच असतात. पत्र मात्र मी लाँड्रीत बसून लिहू शकते. कपडे वाळायला पन्नास मिनिटं लागतात.

इथल्या इस्पितळाचा अर्ज गेलासुद्धा. अर्ज मी लिहिला, फाइल त्यांनी केली. तुमच्या भावाला फाइल करताना तुम्ही पाहिलंच आहे. जेवणाची शुद्ध नसते. एकूण अठरा ट्रू कॉपी जोडल्या. इथे नोटरी बँकेत बसतो, त्या बिचाऱ्याकडून अठराच्या अठरा कागदांवर शिक्का मारून घेतला. शाळा सोडल्याचा दाखला जोडला. जातीचा दाखलासुद्धा जोडला! मिसूरीच्या इस्पितळाला माझी जात कळून काय करायचंय, असं विचारलं, तर म्हणाले की असू दे, नंतर कागद कमी पडला असं व्हायला नको.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काल यादीची कार्बन कॉपी हाताला लागली. त्यात चौदा नंबरला कलेक्टरांचं प्रशस्तिपत्रक आहे. तुम्हाला आठवतं ना, आपण काच लावून भिंतीवर टांगलं होतं ते? कुटुंबकल्याण कार्यक्रमात जिल्ह्यात दुसरा क्रमांक. दोन वर्षांत नसबंदीच्या इतक्या शस्त्रक्रिया आणि गर्भपात तीनशे बारा. खाली सही, शिक्का, अशोकस्तंभ. भंडाऱ्यात त्यावर टाळ्या पडल्या होत्या, पेढे वाटले होते. आणि तो कागद आम्ही कोर्टाच्या निकालानंतर आठ दिवसांनी, रजिस्टर पोस्टाने, याच इस्पितळाला पाठवला आहे.

देवानंदना दाखवलं तर चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, तू काळजी करू नकोस, मी बघतो. मला त्यांची काळजी वाटते ती अशा वेळीच.

तुम्हाला म्हणून सांगते. त्या कागदाचा मला तेव्हाही पूर्ण अभिमान नव्हता. मार्च आला की टार्गेट पुरं करायचं असायचं. जीपमधून बायका आणायचे. त्या तीनशे बाराजणींमध्ये पुष्कळशा स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने आल्या होत्या. माझे हात धरून रडल्या, आशीर्वाद देऊन गेल्या. पण काहीजणींच्या वतीने सासू बोलली, नवरा बोलला, आणि मार्चमध्ये मी पुन्हा विचारलं नाही. हे कलेक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाही.

जर्सी सिटीचा अर्ज पाठवला आहे. त्याला फक्त तीन कागद जोडले.

इकडे सदतीस अंश आहे, तरी लोभ अजून घट्ट आहे.
तुमची,
शीला

---

पिस्कॅटवे
५ ऑगस्ट १९८९

चि. सौ. शीला,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र लायब्ररीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या बाईने पाणी आणून दिलं. शिक्क्यासकट! मला त्या मिसूरीच्या कारकुनाचा चेहरा बघायला मिळायला हवा होता. तिकडे लोक फलक घेऊन इस्पितळाच्या दारात उभे, आणि आत टपालातून सरकारी अशोकस्तंभाखाली तीनशे बारा. बाप्पा!

हसून झाल्यावर तुझा मार्च महिन्याचा परिच्छेद पुन्हा वाचला. ते तू देवानंदला कधी सांगितलंस का? सांगितलं असशील तर तो विसरला नसेल. विसरणं हा त्याचा दोष नाही, नको तिथे आठवणं हा आहे.

सुलेखा म्हणते, तुझा अर्ज पोचला, ऑक्टोबरात बोलावतील. तोवर तिथला इंटरव्ह्यू आला तर दे. नाही म्हणायलासुद्धा आधी होकार हातात लागतो. आणि 'मी बघतो' म्हणणाऱ्या माणसावर नजर ठेव.

माया आहे तशीच आहे, तिला ट्रू कॉपी लागत नाही.
राधा

---

मिसूरी
१० सप्टेंबर १९८९

ती. राधाताई,
सविनय जयभीम. वि. वि.

शुक्रवारी इंटरव्ह्यू झाला. काय लिहू, कळत नाही. यंत्रात कपडे नाहीत, तरी लाँड्रीत येऊन बसले आहे.

विभागप्रमुखांचं नाव डॉ. हॅगर्टी. साठीचे आहेत. आधीच सांगते, माणूस चांगला आहे. वाईट असता तर माझं सोपं झालं असतं. मी आत गेले तशी उठून दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले की मागे वळून स्वतःच्या भूतकाळाकडे बघायला फार धैर्य लागतं. मला वाटलं, नागपूर सोडून आले त्याबद्दल बोलताहेत. मी थँक यू म्हटलं. मग म्हणाले, त्यांच्या पत्नीच्या चर्चमध्ये दुसऱ्या रविवारी बायकांची सभा असते, मी तिथे येऊन चार शब्द बोलले तर कितीतरी तरुण मुलींना दिशा मिळेल. चार शब्द कशावर, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी फाइलमधून पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

आमच्या टाइपरायटरचं एक अक्षर नेहमी ओळीच्या वर उडतं. पहिल्या ओळीतच ओळखलं. खाली सही देवानंदची, 'माझ्या पत्नीच्या वतीने'. मजकूर असा: सरकारच्या दबावाखाली माझ्या पत्नीच्या हातून ही कृत्यं झाली. त्यातल्या कित्येक स्त्रियांची संमती नव्हती, हे शल्य तिला झोपू देत नाही. अमेरिकेत आल्यापासून तिला तीव्र पश्चात्ताप झाला असून यापुढे ती या गोष्टीशी जन्मभर कसलाही संबंध ठेवणार नाही.

ताई, मार्च महिन्याचं मी त्यांना सांगितलं होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, अंगणात, मन मोकळं करावं म्हणून. ते त्यांनी टाइप करून पाठवलं.

आणि मी काय केलं? गप्प बसले. दोनदा तोंड उघडलं. हॅगर्टींनी त्यांच्या बागेतल्या टोमॅटोंची पिशवी हातात दिली. अठरा कागदांची डॉक्टरीणबाई टोमॅटो घेऊन बाहेर आली.

जागा द्यायला ते तयार आहेत. इस्पितळाच्या वकिलाने कायद्यात स्वतःच्या पदरची भर घालून एक कागद केलाय: मी गर्भपात करणार नाही, मदत करणार नाही, आणि तो कुठे होतो हे विचारणाऱ्या बाईला सांगणारही नाही. सहा ऑक्टोबरपर्यंत सही करून द्यायची. घरापासून इस्पितळ दहा मिनिटांवर. उत्तराची शाळा वाटेत. देवानंद शुक्रवारपासून खुशीत आहेत, त्यांनी टोमॅटोची चटणी केली. मी खाल्ली नाही. एवढंच काय ते मी केलं.

लोभ असू द्या, आत्ता त्याची गरज आहे.
शीला

---

पिस्कॅटवे
१४ सप्टेंबर १९८९

चि. देवानंद यास,
जयभीम. आशीर्वाद या पत्रापुरते राखून ठेवले आहेत. वि. वि.

तुझ्या बायकोचं मतपरिवर्तन झाल्याचं कळलं. ते तिलाही शुक्रवारीच कळलं म्हणे. अभिनंदन कोणाचं करायचं?

छप्पन साली तू तीन वर्षांचा होतास आणि आईच्या खांद्यावर झोपला होतास, म्हणून आठवण करून देते. मी तेरा वर्षांची होते, मला सगळं आठवतं. नागपूरच्या त्या मैदानावर जायच्या आदल्या दिवशी बाबांनी आईला विचारलं होतं. सातवी झालेला माणूस, गिरणीत कामाला, पण विचारलं. आईने लगेच हो म्हटलं नाही. देव्हाऱ्यातल्या देवांचं काय करायचं, माहेरचे काय म्हणतील, असं तिने दुपारभर बाबांना छळलं. मग ती स्वतः चालत गेली आणि बावीसच्या बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हणाली. बाबांनी तिच्या वतीने टाइप करून पाठवल्या नव्हत्या. आपल्या घरात धर्मांतर एकदाच झालं, देवानंद, आणि ते उघड्या डोळ्यांनी झालं. त्याच घरातला एम.टेक., पीएच.डी. मुलगा बायकोचा पश्चात्ताप रजिस्टर पोस्टाने करतो, हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

खोटं लिहिलं असतंस तरी मी एक वेळ समजून घेतलं असतं. तू तर तिचं खरं उचललंस. तिने तुला जे खाजगीत, दुखतं म्हणून सांगितलं, ते परक्याच्या टेबलावर ठेवलंस, आणि त्याच्याखाली हवा तो निष्कर्ष काढून दिलास. तिला वाईट वाटतं ते बायकांना विचारलं नाही म्हणून. आणि तू हे लिहिताना तिला विचारलंस का?

उत्तर दे. यादी करू नकोस, मला तुझ्या याद्या माहीत आहेत.

ताई

---

मिसूरी
२४ सप्टेंबर १९८९

ती. ताईस,
देवानंदचा जयभीम. वि. वि.

पत्र तीन वेळा वाचलं. चूक झाली, हे पहिल्या वेळीच कळलं. बाकी दोन वेळा तू किती चिडली आहेस ते मोजत होतो.

तरी माझं ऐक. चौऱ्याहत्तर साली पुण्यात एम.टेक.ला होतो तेव्हा तीन घरांनी आडनाव ऐकून खोली नाकारली. चौथ्या घरी मी देवानंद नागपूरकर झालो. दोन वर्षं मालकीणबाई मला संकष्टीची खिचडी देत होत्या आणि आमच्या लोकांविषयी काय वाटतं ते खिचडी वाढता वाढता ऐकवत होत्या. मी खिचडी खाल्ली. मेलो नाही, पहिल्या वर्गात पास झालो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. घरून येणारी पत्रं मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवायचो, ती का, हे तू कधी विचारलं नाहीस.

मी एवढंच शिकलो की दारातून आत जाईपर्यंत माणसाने तोंड मिटून घ्यावं. चार वर्षांचा प्रश्न आहे. शीलाने आठ वर्षं शिकलेली विद्या दोन वर्षं माझ्यासाठी बांधून ठेवली, ती रोज डबे भरते आणि खिडकीतून इस्पितळाकडे बघते. मला ते बघवत नव्हतं. ते प्रशस्तिपत्रक मीच जोडलं होतं, तेव्हा मीच निस्तरावं असं वाटलं. हात घाईने चालला.

आणखी एक. माझी संशोधन सहायक लिंडा, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, पीएच.डी.ला इथेच थांबणार होती. परवा येऊन म्हणाली की इलिनॉयला जाते. कारण विचारलं, तर म्हणाली की ती सव्वीस वर्षांची आहे आणि पेपर वाचते. मला दोन मिनिटं अर्थ लागला नाही. लागला तेव्हा मी तिला उत्तम शिफारसपत्र दिलं. तिचं म्हणणं बरोबर आहे, पुढच्या आयुष्याचा विचार करून माणसाने राज्य निवडावं. शीलाचं वेगळं आहे, तिला घर आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर मीच थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. खोडत नाही. तू वाचावंस म्हणून ठेवतो.

शीला माझ्याशी उत्तराच्या शाळेपुरतं बोलते.

राखून ठेवलेले आशीर्वाद जमल्यास पाठव.
देवानंद

---

मिसूरी
१ ऑक्टोबर १९८९

ती. राधाताई,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र लाँड्रीतून नाही. जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि देवानंद समोर पेपर वाचताहेत. पान बराच वेळ उलटलेलं नाही.

बुधवारी मी हॅगर्टींकडे परत गेले. त्यांना सांगितलं की पत्र माझं नाही. पश्चात्ताप आहे, पण तो त्यांना वाटतो तो नाही. आमच्या सरकारला आकडे हवे होते म्हणून मी काही बायकांना दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्याचा आहे. आणि इथे बाईने मला विचारलं तरी मी सांगायचं नाही, म्हणजे न विचारण्याचंच दुसरं टोक. एकदा केलेली चूक मी उलट्या बाजूने पुन्हा करणार नाही.

मग त्यांना सुगंधाबद्दल सांगितलं. हे तुम्हालाही सांगितलेलं नाही. एकोणीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं. आमच्या केंद्रात सोय होती, फुकट होती, कायद्याने होती. पण ती माझ्याकडे आली तेव्हा मी शिबिरात होते आणि नर्सने तिला उद्या ये म्हटलं, नीट सांगितलं नाही. ती गावातल्या बाईकडे गेली. चौथ्या दिवशी बैलगाडीतून आणली तेव्हा अंगाला वास येत होता. संध्याकाळी गेली. कायदा असून, डॉक्टर असून, ती एका न सांगितलेल्या वाक्याने गेली.

हॅगर्टींनी चष्मा काढला. त्र्याहत्तर साली इथे गर्भपात कायदेशीर झाला, त्याच्या आधी त्यांनी याच इस्पितळात अशा मुली पाहिल्या आहेत, असं म्हणाले. एकीचं नावही त्यांना आठवत होतं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. मग त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, जागा तुझीच आहे, फक्त सही कर.

मी केली नाही. कागद त्यांच्या टेबलावर तसाच ठेवून आले.

घरी येऊन देवानंदना सांगितलं. ते म्हणाले, चार वर्षं होती फक्त. मी म्हटलं, पुण्यात तुम्ही स्वतःचं नाव गिळलंत, ते तुमचं होतं. (हो, त्यांनी तुम्हाला लिहिलेलं मला वाचायला दिलं. तेवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.) मी गप्प बसले तर गिळणार दुसऱ्या कुणाचा तरी जीव. त्यावर ते उठले. भांडी घासली.

बारा तारखेला विमानाने येते. इंटरव्ह्यू तेराला. तुमच्याकडे राहू ना? विचारायची पद्धत म्हणून विचारते.

शीला

---

पिस्कॅटवे
२२ ऑक्टोबर १९८९

चि. देवानंदास,
जयभीम आणि थोडे आशीर्वाद. वि. वि.

शीला सुखरूप पोचली, इंटरव्ह्यू झाला, एक डिसेंबरपासून जागा मिळाली, तिने तिथल्या तिथे सही केली. हे ती तुला फोनवर सांगेल, सांगितलंही असेल. तिने सांगितलं नसेल ते मी सांगते.

चौदाला धम्मचक्र प्रवर्तन दिन आमच्या तळघरात झाला. अख्ख्या न्यू जर्सीतून सात कुटुंबं, म्हणजे मोर्चाच म्हणायचा. वंदना झाली, भात कमी पडला, मग चर्चा. धर्मराजकाकांना तू ओळखतोस, भारतात बँकेत होते, मुलाकडे आल्यापासून जगाचे मॅनेजर झालेत. त्यांनी शीलाला सर्वांदेखत विचारलं की नवरा तिकडे, मूल तिकडे, हे कसं चालायचं. शीला म्हणाली, काका, तुम्ही गडचिरोलीला बदली झाली तेव्हा काकूंना नागपुरात ठेवून सहा वर्षं काढलीत, ते कसं चाललं? काका म्हणाले, ती नोकरी होती. तेवढ्यात काकूंनी आतून सांगितलं की चाललं नव्हतंच, पण विचारलं कोणी नव्हतं. त्यानंतर काकांनी फक्त पापड खाल्ला.

सगळे हसले. शीला हसली नाही. पाहुणे गेल्यावर पातेली आवरताना तिने मला विचारलं की उत्तरा मोठी झाल्यावर आई तिला सोडून गेली असंच म्हणेल का. मी नेहमी काहीतरी टोमणा मारून वेळ निभावते, हे तुला माहीत आहे. त्या वेळी एकही सुचला नाही. म्हणेल कदाचित, असं म्हटलं. मग आम्ही दोघी पातेली घासत राहिलो.

तुझं ते न खोडलेलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. सव्वीस वर्षांच्या लिंडाला राज्य निवडायचा हक्क आहे आणि छत्तीस वर्षांच्या शीलाला घर आहे. तू बुद्धिमान आहेस, कधीतरी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघ.

उत्तरा नाताळच्या सुट्टीपर्यंत तुझ्याकडे राहील असं ठरलंय. तिच्या वेण्या घट्ट घालू नकोस, डोकं दुखतं तिचं.

कठोर लिहिते, पण लिहिते. यातला लोभ ओळखून घे.
ताई

---

जर्सी सिटी
१७ डिसेंबर १९८९

प्रिय देवानंद,
जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तेवीसला उत्तराला घेऊन येताय, हे वाचून दोनदा खोली झाडली. खोली एवढीशीच आहे. रेडिएटर रात्रंदिवस खडखडतो आणि खिडकीतून नदीपलीकडे मॅनहॅटन दिसतं. उत्तराला बोअर होणार नाही, तुमचं सांगता येत नाही. येताना माझे जाड मोजे आणि लहान कुकर आणा.

काम खूप आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुली मला शिकवतात. माझ्यासोबत जी सेकंड इयरची मुलगी आहे, ती पेनसिल्व्हेनियाची. तिथेही गेल्या महिन्यात नवीन कायदा झाला. दोन वर्षांपूर्वी तिने कायदे बघून ज्या राज्यांत अर्ज केले त्यांचा नकाशा करून कपाटाच्या दारावर चिकटवला होता, असं सांगत होती. मला लिंडा आठवली. आपण पोरं असताना नकाशात नद्या आणि खनिजं शोधायचो.

परवाची गोष्ट सांगते, कारण ती मला तुम्हालाच सांगायची आहे. सोमवारी माझ्या टेबलासमोर एक बाई आली. एकेचाळीस वर्षांची, ऑफिसं साफ करायचं काम, तीन मुलं, चौथ्यांदा दिवस गेलेले. सोबत नणंद होती. नणंदच बोलायला लागली. मी नणंदेला बाहेर बसायला सांगितलं आणि बाईला विचारलं. मग दोन्ही वाटा सांगितल्या. ठेवायचं तर काय तपासण्या, या वयात काय धोके, कुठली मदत मिळते. नको असेल तर काय करतात, किती वेळ लागतो, किती दुखतं. पाऊण तास गेला, बाहेर रांग ओरडायला लागली. शेवटी तिने मला विचारलं की डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. ती चिडली. मग रडली. मग उठून गेली.

शुक्रवारी एकटी आली आणि म्हणाली, ठेवते. मी तिचं कार्ड भरलं, गोळ्या लिहून दिल्या. मिसूरीहून पळून एवढ्या लांब आलीस आणि पहिलीच बाई अशी, म्हणून माझी सेकंड इयरची गुरू दिवसभर मला चिडवत होती. भंडाऱ्यात हीच केस मार्चमध्ये माझी नापास धरली असती. हॅगर्टींच्या पत्नीच्या चर्चमध्ये हिच्यावर टाळ्या पडल्या असत्या. इथे मी पुढच्या बाईला आत बोलावलं. मला इतकं हलकं फार वर्षांत वाटलं नव्हतं. ती नको म्हणाली असती तरी तेवढंच हलकं वाटलं असतं, हे मी स्वतःला दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. इथल्या दोन विद्यापीठांत तुमच्या विषयाच्या जागा निघाल्या आहेत, अर्ज करू का, असं तुम्ही विचारलंत. विचारलंत हे मला आवडलं. पण उत्तर 'हो' दिलं तर तुम्ही बायकोसाठी मिसूरी सोडली असं होईल आणि चार वर्षं ते ऐकायची माझी तयारी नाही. 'नको' दिलं तर मीच घर मोडलं असं होईल, आणि त्याचीही नाही. आलात तर उत्तरा एका घरात वाढेल, तुमचा तिथला मान जाईल, इथे पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागेल. राहिलात तर तिथलं काम पुरं होईल, आणि आपण तिघं सुट्ट्यांपुरते एकत्र असू. दोन्ही प्रकारांत दुखेल. किती, ते मला माहीत नाही.

राग गेला का, असंही विचारलंय. पूर्ण नाही. येतो जातो.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणून लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी लिहीत नाही. असावा की नसावा, आणि किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. बाहेर कोणी बसलेलं नाही, घाई नाही.

शीला